मेहंदीशी भांडू नका, आधी घाणा ठरवा

पत्र

ताई, आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. स्थळ चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लग्न नेमकं कुणाचं आहे तेच मला कळेनासं झालंय. एक दिवस मेहंदी, एक दिवस संगीत, नाच बसवायला पुण्याहून माणूस येणार. हळदीला सगळ्यांनी पिवळंच घालायचं, मागे फुलांचा पडदा. नवरी मांडवात येताना डोक्यावर फुलांची चादर धरायची आणि हिंदी गाणं लावायचं. प्री-वेडिंग शूट तर धोम धरणाच्या काठी होऊनही गेलं. मी हळदीआधीच्या घाण्याच्या विधीचं विचारलं तर म्हणाली, "बघू गं, वेळ मिळाला तर."

आमचे मालक म्हणतात, हे सगळं टीव्हीनं आणि मोबाइलनं बिघडवलंय, दोन्ही बंद करा. मला तसं वाटत नाही. पण काही अडवायला गेले की मी बुरसटलेली ठरते. खरंच मी मागासलेली आहे का? काय अडवू आणि काय सोडून देऊ?

सासूबाईंना हळदीची आणि जात्यावरची गाणी खूप येतात. सासरे गेल्यापासून त्या हळदीला पुढे येत नाहीत, मागे बसून म्हणतात. या वेळी मुलीनं त्यांना सांगितलं, "पाहुण्यांसमोर जरा नीट बोल, आमी-तुमी, हितं-तितं करू नकोस." तेव्हापासून त्या गप्पच आहेत.

आणि शिवलेली नऊवारी चालते का, तेही सांगा.

— नाव देऊ नये ही विनंती

उत्तर

ताई, तुम्ही मागासलेल्या नाही. पण तुमचं पत्र मेहंदीबद्दल आहे असंही मला वाटत नाही. खरी गोष्ट तुम्ही शेवटी, नऊवारीच्या वर, घाईघाईत लिहून टाकली आहे. तिच्याकडे येतेच. आधी मेहंदी-संगीत उरकून घेऊ, कारण तुमची सगळी ताकद तिथे खर्च होते आहे.

मेंदी आपल्याला परकी नाही. नागपंचमीला पाट्यावर वाटलेली मेंदी आपण काडीनं हातावर लावतच होतो. पण तिचा वेगळा सोहळा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नाचांचा कार्यक्रम, ही उत्तरेकडची रीत आहे. ती आपल्याकडे कुणा पंजाबी सोयऱ्याबरोबर आली नाही, पडद्यावरून उतरली. ऑगस्ट 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' लागला. चौदा गाणी, आणि गोष्ट जवळजवळ सगळी साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण यांच्याभोवती. नवऱ्याचे बूट लपवून पैसे मागायचा खेळ आपल्या बहुतेक घरांत नव्हता. आपल्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि मानाचा पोशाख वसूल करतो. आता कानपिळी दोन मिनिटांत होते आणि बुटांवर अर्धा तास जातो, कारण बुटांचं काय करायचं ते सगळ्यांना पाठ आहे.

नंतरचं काम मालिकांनी केलं. 1992 मध्ये झी टीव्ही आला, 1999 मध्ये अल्फा मराठी. मालिकेत लग्न का काढतात ते एकदा समजून घ्या. सगळी पात्रं एका सेटवर जमतात, सगळ्यांच्या अंगावर नव्या साड्या आणि दागिने असतात, जाहिरातदार खूश असतात, आणि टीआरपी चढतो. म्हणून मालिकेतलं लग्न एका दिवसात संपतच नाही. आठवडाभर चालतं आणि वर रविवारी दोन तासांचा विशेष भाग. आता लेखकाच्या जागी बसा. पाच-सहा दिवस भरायचे आहेत. देवक बसवण्यात त्याला काय मिळणार? ते बहुतेक ठिकाणी घरच्या चार माणसांत होतं. कुणी नाचत नाही. शिवाय देवक दाखवायचं तर कुणाचं दाखवायचं? घराघराचं वेगळं, त्यावरून कूळ कळतं, आणि मालिका तर सगळ्या महाराष्ट्राला विकायची असते. त्यापेक्षा संगीत बरं, त्यात खानदान कळत नाही. मेहंदी त्याहून बरी, कारण नवरीचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि खलनायिकेला कोनात काहीतरी कालवता येतं.

म्हणजे जे कुणाचंच नाही ते सगळ्यांना चालतं, म्हणून ते पडद्यावर जातं. पडद्यावर पाहून पाहून ते सगळ्यांचं होतं, आणि तुमच्या घरचं जे फक्त तुमचं होतं ते 'वेळ मिळाला तर' या खात्यात जातं. यात कुणी आपल्याविरुद्ध कट केलेला नाही. धंद्याचा हिशेब आहे, एवढंच. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामनं आपल्याकडे रील्स आणले. तेव्हापासून हा हिशेब सेकंदांवर आला. हळद उधळलेली दिसली पाहिजे. लावलेली फारशी दिसत नाही.

तरीही मी तुम्हाला मेहंदीशी भांडा असं सांगणार नाही. तुमचं स्वतःचं लग्न आठवा. पत्रावरून अंदाज करते, नव्वदच्या आसपासचं असणार. नवरदेव सुटात असतील, बँडवर हिंदी गाणी आणि वरातीत नागीण डान्स असेल. तो सूट आणि तो पितळी बँडही इंग्रजी अमदानीतूनच आले. तुमच्या आईनं शुक्रवारी आंबट वर्ज्य केलं असेल, तर त्यामागेही बहुधा 1975 चा 'जय संतोषी माँ' असेल. त्या सिनेमानंतर ते व्रत घरोघरी पोचलं. निखळ आपलं, कधीच काही न मिसळलेलं असं लग्न तुमच्या सासूबाईंनीही पाहिलेलं नसेल. म्हणून 'हे आपलं नाही' या मुद्द्यावर तुम्ही मुलीशी वाद घालायला गेलात तर हराल. ती तुम्हाला तुमच्याच अल्बममधले फोटो दाखवेल.

दुसरा मुद्दा धरा: हे करतंय कोण?

घाण्याचंच घ्या. उखळ-मुसळाला आणि जात्याला आंब्याची पानं बांधायची, हळकुंडं-सुपाऱ्या बांधायच्या. मग बायकांनी मुसळाला हात लावून कांडायचं, जात्याच्या खुंट्याला धरून दळायचं आणि त्या लयीत गायचं. तपशील प्रत्येक घरी वेगळा असतो, पण त्या खोलीत बघे कुणीच नसतात. ज्या आत्याचं आणि काकूचं दहा वर्षं पटत नाही त्याही एकाच खुंट्याला हात लावून बसतात. गळा नसलेली बाईसुद्धा ओवीचा शेवटचा शब्द उचलते. आता तुमच्या ठरलेल्या हळदीकडे बघा. पुण्याचा माणूस सांगणार कुठे उभं राहायचं, फोटोग्राफर सांगणार कधी उधळायचं, आणि बाकीचे दोनशे लोक खुर्च्यांवर. काही हॉलमध्ये तर आता मोठा एलईडी पडदा लावतात. वीस फुटांवर चाललेलं लग्न पाहुणे पडद्यावर बघतात. आपल्याच घरच्या कार्यात आपण प्रेक्षक होतो, हे मला पिवळ्या साड्यांपेक्षा जास्त टोचतं.

म्हणून प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न लावा. संगीतात तुमच्या जावा, नणंदा, भाचरं स्वतः नाचणार असतील आणि हसून हसून बेजार होणार असतील तर खुशाल होऊ द्या, मला त्यात काही वाईट दिसत नाही. पण मंगलाष्टका सीडीवर लावणार असाल तर मात्र अडून बसा. म्हणणारी आत्या प्रत्येक घरात असते. तिचा सूर दर वेळी चुकतो आणि तरी तीच लागते.

फुलांच्या चादरीचंही तसंच. आपल्याकडे नवरीला मामा बोहल्यावर आणतो. चादर धरायला चार भाऊ आले आणि त्यात मामाचा हात सुटला, असं होऊ देऊ नका. चादर राहू दे हवी तर, खाली मामा चालू दे. आणि ते गाणं? सनईवाल्याला बोलावलं असेल तर त्यालाच विचारा, तो सिनेमाचंही वाजवतो. तिढा आपोआप सुटेल.

आता सासूबाई.

मुलगी आजीला "नीट बोल" म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं? तुम्ही नाही, तिच्या होणाऱ्या सासरच्यांनीही नाही. वर्षानुवर्षं पडद्यावर असं बोलणारा कोण होता ते आठवा: गडी, मोलकरीण, हवालदार, नाहीतर हसवायला आणलेला गावाकडचा काका. नायिका मात्र कुठल्याही गावात जन्मली तरी सदाशिव पेठेतलं बोलायची. मग 2016 मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' आली, पाठोपाठ 2017 मध्ये 'लागिरं झालं जी', आणि कोल्हापूर-साताऱ्याकडचं बोलणं एकदम नायकाच्या तोंडी आलं. मला तेव्हा आनंद झाला होता, आजही त्या मालिकांबद्दल माझी तक्रार नाही. पण झालं असं की पुण्यातल्या ऑफिसात तुमची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी "चालतंय की" म्हणून हसत असतील आणि तेच बोलणं आजीच्या तोंडून आलं की तिचा चेहरा पडत असेल. नायकाच्या तोंडी ते रांगडं, आजीच्या तोंडी गावंढळ. मेहंदीनं काही नेलं नसेल ताई, या लाजेनं नेलंय. स्वतःच्या घराकडे ती परक्याच्या डोळ्यांनी बघायला लागली आहे. इथे मात्र तुम्ही एक पाऊलही मागे घेऊ नका.

ओरडू नका, 'आपली संस्कृती' हे शब्दही काढू नका. ते ऐकले की पोरं कान बंद करतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही, कारण ते शब्द बहुतेक वेळा काहीतरी नाकारायलाच वापरलेले असतात. एवढंच सांगा: "तुझ्या सासरच्यांना आजी जशी आहे तशीच भेटणार. तुला अवघड वाटत असेल तर ते आपण बोलू. पण तिला गप्प करून लग्न होणार नाही. तू जा आणि तिच्याशी बोल." तुम्ही मध्ये पडून सासूबाईंची समजूत काढू नका. ते मुलीलाच करू द्या. नातीनं पायाशी बसून "आजी, हळदीला तू म्हणणार ना?" विचारलं तर म्हातारी आठवडाभर झोपणार नाही, गाणी आठवत बसेल.

पण एक गोष्ट तुमच्याही पदरात टाकते. सासूबाईंना मागे बसवलं ते टीव्हीनं नाही. सासरे गेल्यापासून त्या पुढे येत नाहीत, हे तुम्ही रीत म्हणून लिहून गेलात, जणू त्यात विचारण्यासारखं काही नाही. आजीचं बोलणं नातीला नडलं आणि आजीचं कपाळ आपल्या रितीला नडलं, मग दोष एकट्या नातीला कसा द्यायचा? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं बंद. शिरोळ तालुक्यातलं गाव, तुमच्यापासून काही परमुलुखातलं नाही. त्याच्याही खूप आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे लग्नासाठी मराठी मंगलाष्टका स्वतः लिहिल्या. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वचनं देतात. बदल याला म्हणतात. माणसांनी बसून, भांडून, विचार करून केलेला. तो फोटोत छान दिसतो म्हणून झालेला नव्हता.

तर या लग्नात तुम्ही एक बदल करा, जो कुठल्याही रीलनं सुचवलेला नाही. पहिली हळद सासूबाईंना लावू द्या. भावकीत कुजबुज होईल. होऊ द्या. यजमानांना आधी विश्वासात घ्या, त्यांची आई आहे, ते उभे राहिले तर कुजबुज एका चहात संपते. टीव्ही बंद करण्यापेक्षा हे काम त्यांच्या जास्त उपयोगाचं आहे. (संध्याकाळी सात ते दहा बातम्यांतली भांडणं कोण बघतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मी ओळखते.)

मुलीशी बोलणं कसं करायचं? सौदा करा, सरळ. मेहंदी तुझी, संगीत तुझं, त्यात मी एक शब्द बोलणार नाही. कपड्यांचे रंग, फुलांचा पडदा, सगळं तुझं. बदल्यात हळदीच्या दिवशी सकाळचे दोन तास माझे आणि आजीचे. त्या वेळी घाणा होईल, घरात होईल, आणि पुण्याचा माणूस तेव्हा झोपलेला असेल. मुली असा सौदा नाकारत नाहीत, कारण त्यांना वाटतं आई स्वस्तात सुटली.

त्या सकाळच्या आधी तिला एक काम सांगा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघा अभ्यासकांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. 'पारी' या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ऐकायला मिळतात, म्हणणारीच्या नावागावासकट. मुलीला म्हणा, फोन तुझ्या हातातच आहे, दोन-चार ऐक आणि आजीला ऐकव. तिथे आजीसारखंच बोलणाऱ्या बायका तिला भेटतील आणि त्यांचं बोलणं कुणी 'नीट' केलेलं नसेल. पडद्यावर आलं की तिला ते मोलाचं वाटेल, ही थोडी लबाडी आहे. चालू द्या, ज्या वाटेनं लाज आली त्याच वाटेनं जाऊ दे. आजीला मात्र तुम्ही आधी सांगून ठेवा, नाहीतर ती पहिल्याच ओवीला म्हणेल, "हे चुकलंय, आमच्याकडं असं न्हाई म्हणत," आणि मग दोघींची खरी गंमत सुरू होईल.

घाण्याची गाणी रेकॉर्ड करायची असतील तर घरच्याच कुणाला तरी साध्या फोनवर करू द्या. पंखा बंद ठेवा, फोन आजीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि मध्ये थांबवू नका. म्हाताऱ्या माणसाला ओवी मधूनच परत म्हण म्हटलं की धागा तुटतो.

फोटोग्राफरला लग्नाआधी मुलीसोबत एकदा भेटा. तो वाईट माणूस नसतो, त्याला फक्त कुणी काही सांगितलेलं नसतं. त्याला स्पष्ट सांगा: मंगलाष्टका चालू असताना अंतरपाटाच्या आत यायचं नाही, भटजींना थांबवायचं नाही, हार परत घालायला लावायचा नाही, ड्रोन जेवणाच्या वेळी उडवा. जे टिपता आलं ते आलं, बाकीचं गेलं. हे पैसे ठरवतानाच बोला. मांडवात बोललात तर तो "दोनच मिनिटं काकू" म्हणेल आणि ती दोन मिनिटं कधीच दोन नसतात. संगीत दारच्या मांडवात असेल तर रात्री दहाला कर्णा बंद करायचा हा कायदाच आहे. तेवढी एक गोष्ट तुम्हाला सांगावीही लागणार नाही.

खर्चाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. कर्ज काढून चाललं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि मला वेगळं पत्र पाठवा.

आणि हो, शिवलेली नऊवारी. चालते. नेसवणारं हक्काचं माणूस पहाटे पाचला हॉलवर येणार असेल तर नेसलेलीच बरी, आणि ते माणूस तुमच्या घरात आहे असं मला वाटतं. सासूबाईंचे हात अजून चालत असतील तर आधी त्यांना विचारा. शिवलेलीच घ्यायची ठरली तर शिंप्याकडून आणल्यावर मुलीला ती घालून पाटावर मांडी घालून बसवून बघा. ट्रायलला सगळ्या उभ्या राहूनच आरशात बघतात, आणि लग्नातले बरेचसे विधी बसूनच असतात.